मोडक्या शिंगाचं सांबर

दादानं खुंटीवरची बंदूक काढली, फडक्यानं नळी पुसली आणि आणून माझ्या मांडीवर ठेवली. मी चुलीपुढं न्याहारीला बसलो होतो. भाकरीचा घास तोंडात तसाच राहिला.

"आज जाग्यावर तू बस," दादा म्हणाला. "मी हाक्यात जातो."

"तू? हाक्यात?"

"खांदा दुखतोय. बंदुकीचा दणका सोसायचा न्हाई."

खांदा दुखणारा माणूस डबा बडवत, आरोळ्या ठोकत कारवीतून दोन कोस चढ-उतार करायला निघाला होता. वहिनी भाकरी थापता थापता थांबली, पण बोलली नाही. मीही बोललो नाही. आमच्या घरात तीन महिने हेच चाललं होतं.

ही गोष्ट एकसष्ट सालची. शिकारबंदीचा कायदा यायला अजून बरीच वर्षं होती. आमची घोटणवाडी म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतली तीस उंबऱ्यांची वस्ती आणि परवान्याच्या चार बंदुका, चारीही ठासणीच्या. वर्षातून दोनदा भैरोबाची पारध निघायची, एकदा पौषात आणि एकदा धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. पडलेल्या जनावराचे उंबऱ्यागणिक वाटे पडत. म्हातारी विधवा असो की पाटील असो, वाटा सारखाच. ज्याच्या घरी वाटा जातो तो गावात आणि ज्याचा वाटा बंद झाला तो गावाबाहेर, मग त्याचं घर भले चावडीला खेटून असेना का.

पहिल्या बंदुकीचा मान आमच्या घराचा. आजा गेला, बाप गेला, मग दादाकडं आला. मी चार वर्षांचा असताना आई गेली आणि बाराव्या वर्षी बाप. त्यानंतर मला वाढवलं ते दादानं. हे सांगतोय ते सबब म्हणून नाही. पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दादा हातपाय धुवायला बाहेर गेला तशी वहिनी माझ्याकडं वळली. तिला सहावा महिना होता.

"भावजी, एक मागते. द्याल?"

"काय वहिनी?"

"ते मोडक्या शिंगाचं तुमच्या म्होरं आलं, तर जाऊ द्या त्येला."

मी मान खाली घातली.

"देवाला बी चालत न्हाई मोडकं जनावर," ती म्हणाली. "तुमी काय वावगं करत न्हाई. फकस्त जाऊ द्या." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात पिठानं माखलेले, म्हणून तिनं ते तसंच वाहू दिलं.

देवाला चालत नाही, हे खरंच होतं. भैरोबाच्या पारधीत लंगडं, आंधळं, गाभण आणि शिंग मोडलेलं जनावर मारायचं नाही, असा दंडक. देवाला धड जनावर लागतं. पण वहिनीला देवाची काळजी नव्हती आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्यासाठी पौषातल्या पारधीचं सांगायला हवं. त्या दिवशी खिंडीच्या अलीकडच्या बाजूला दादा बसला होता आणि पलीकडच्या बाजूला, आपली बंदूक घेऊन, केरबाअण्णा. हाका सुरू झाला आणि मोठं काळं सांबर खिंडीत आलं. दोन बार उडाले, एकामागोमाग एक, पापणी लवावी एवढंच अंतर. सांबर उसळून आलं तसं माघारी गेलं. आणि त्याच्या मागं, कारवीत, आमच्याच वाडीतला दगडू पालथा पडलेला सापडला. गडी हाकाऱ्यांच्या पुढं पळत आला होता. गोळी छातीतून आरपार गेली होती.

गावानं एका तासात दोन गोष्टी ठरवल्या. दगडू कड्यावरून पडला, ही सरकारासाठी. आणि दगडूला केरबाची गोळी लागली, ही गावासाठी.

केरबाअण्णा ओरडून सांगत होता, "माझी गोळी सांबराच्या शिंगाला बसली रं! शिंगाचा तुकडा उडालेला मी या डोळ्यानं बघितला. गोळी वर टेकाडात गेली. दगडूला कशी लागंल?" सगळ्यांनी पाचोळा उपसला, पण तुकडा काही सापडला नाही. दादाला विचारलं, तर तो म्हणाला, "माझी गोळी भुईत गेली." आवाज चढवला नाही की शपथ घेतली नाही. पहिल्या बंदुकीचा मानकरी बोलला म्हणजे झालं. केरबाचं घर एकटं, ना भाऊ ना पुतण्या. त्याची बंदूक पाटलाच्या घरात गेली आणि वाटा बंद झाला. त्याच्या हातचं पाणी बंद झालं आणि दगडूच्या बायकोचं सरपण, नांगरट त्याच्या गळ्यात पडलं. ते काम मात्र तो नेमानं करायचा. म्हणायचा, "मारलं न्हाई मी. पण माझ्या म्होरं मेला, येवढं तर खरं हाय."

माघात गुराख्यांना ते सांबर पहिल्यांदा दिसलं. एक शिंग पुरं आणि दुसरं वीतभर राहिलेलं. गावात बातमी पसरली. लोक म्हणाले, झुंजीत मोडलं असंल. पौषात सांबरं झुंजतात, शिंगं मोडतात, त्यात काय नवल? लांबून बघून कोण सांगणार झुंजीत मोडलं की गोळीनं! ते कळायचं तर मुंडकं चावडीवर आणूनच. आणि त्यालाही दिवस थोडे होते. चैत्र लागला की सांबर जुनी शिंगं टाकतं आणि पावसाळ्यात नवी, कोरी उगवतात. त्यांच्यावर कसला वण नि कसलं काय.

पारधीच्या दोन दिवस आधी केरबाअण्णा मला पाणंदीत भेटला. डोक्यावर सरपणाचा भारा होता. मला बघून तो बाजूला झाला, रिवाजाप्रमाणं. मी पुढं गेलो, तसा मागून आवाज आला.

"लहू, तुला बंदूक देणार म्हणं तुझा दादा, दौलू."

"मला न्हाई ठाव."

"मला ठाव हाय. त्येनं खुंटीवरनं काढली न्हाई ती पौषापास्नं." त्यानं भारा खाली टाकला. "बाबा, मी कुणाचं नाव घेत न्हाई. कुणाचं वाईट चितत न्हाई. मला फकस्त ते शिंग पायजे. त्येच्यावर माझ्या गोळीचा वण असंल. असंल म्हंजे हायेच. ते गावानं बघितलं की झालं."

"देवाच्या पारधीत मोडकं मारत न्हाईत, अण्णा."

"दंडक मोडल्याला दंड एक बोकड. मी भरतो. दोन भरतो." तो जवळ आला नाही, लांबूनच त्यानं हात जोडले. चाळिशीचा, माझ्या दुप्पट रुंदीचा माणूस. "लहू, पोरीला साळंत कुणी शेजारी बसू देत न्हाई रं. माझं ऱ्हाऊ दे. सात वर्साची पोर हाय ती. तिनं कुणाला गोळी घातली?"

मी म्हणालो, "माझ्या म्होरं आलं तर सोडणार न्हाई."

असं मी म्हणालो. आजही ते शब्द जसेच्या तसे आठवतात. विसरता आले असते तर बरं झालं असतं.

तर अशा दोन मागण्या घेऊन मी त्या सकाळी खिंडीवरच्या आमच्या जागेवर बसलो. अंजनीच्या झुडपाचा आडोसा, पुढं सांबरांची जायची पायवाट, पलीकडं ओढा. दारू ठासली, गोळी नळीत सोडली, गजानं बसवली, केप चढवली. मला वाटत होतं, येणारच नाही ते. एवढं मोठं रान, एवढ्या वाटा, ते कशाला मरायला माझ्याकडं येईल? येऊ नये म्हणून मी भैरोबाला हातही जोडले. शिकारीला बसून शिकार येऊ नये म्हणून नवस करणारा घोटणवाडीत मी पहिलाच असेन.

दहाच्या सुमारास लांब डबे वाजायला लागले. आरोळ्या उठल्या. एक भेकर भुंकत निघून गेलं. पलीकडच्या अंगाला एक बार झाला, मग गलका. डुक्कर पडलं असावं. मी म्हटलं, चला, सुटलो. देवाचं काम झालं.

तेवढ्यात ओढ्यातले गोटे वाजले.

ते चालत आलं. पळत नव्हतं. चार पावलं टाकायचं, थांबायचं, मागं कान करायचं. काळंभोर, मानेवर केसांची दाट आयाळ, नाकपुड्या फुललेल्या. डावं शिंग हातभर उंच, तीन टोकांचं, देखणं. उजव्या बाजूला खुंट. मोडकं शिंग हलकं पडत असावं, कारण ते मान एका अंगाला कलती धरून चालत होतं. माझ्यापासून पंधरा पावलांवर येऊन ते आडवं उभं राहिलं. वारा त्याच्याकडून माझ्याकडं होता. त्याच्या अंगाचा चिखलाचा वास मला येत होता.

मी घोडा चढवला होता. नळीच्या टोकाची माशी त्याच्या खांद्यावर धरली होती. आंधळ्यानं चाप ओढला असता तरी गोळी चुकली नसती.

आणि मी शिंगाकडं बघितलं. बघायला नको होतं.

झुंजीत मोडलेलं शिंग मी पुष्कळदा पाहिलं आहे. ते पिळवटून मोडतं, काटकी मोडावी तसं, टोकाला फाळके निघतात. हे तसं नव्हतं. खुंटाच्या माथ्याला अर्धगोल खाच होती, गिरमिटानं भोक पाडून मधोमध कापावं अशी. त्या खाचेतून खाली दोन चिरा गेल्या होत्या. सकाळचं ऊन नेमकं त्यावर पडलं होतं.

केरबा खरं बोलत होता.

केरबाची गोळी इथं बसली होती. मग दगडूच्या छातीत गेली ती दुसरी. आणि दुसरी बंदूक आत्ता माझ्या हातात होती.

मला हे आधी ठाऊक नव्हतं असं नाही. पौषापासून दादा रात्री उठून अंगणात येरझाऱ्या घालायचा, जेवता जेवता ताटावरून उठायचा. दगडूच्या घरावरून जायला लागू नये म्हणून ओढ्याच्या वाटेनं वळसा घालायचा. घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि उन्हात दिसणं वेगळं.

सांबरानं पुढचा खूर आपटला. त्याला काहीतरी संशय आला होता.

नुसता चाप ओढायचा होता. बस, एक बोट. पुढचं सगळं त्या खाचेनं बोलून दाखवलं असतं, मला तोंड उघडायचीही गरज नव्हती. पण मला दिसला दादा, चावडीवर, मान खाली घालून. वहिनीच्या पोटातलं लेकरू दिसलं, शाळेत एकटंच बसलेलं, शेजारी कुणी नसलेलं. आणि कुठून तरी मनात आलं, देवाला मोडकं चालत नाही. त्या क्षणी देव नेमका कसा आठवला ते देवालाच ठाऊक.

मी अंगठ्यानं घोडा धरला आणि हळूच खाली सोडला. बारीक खट्ट वाजलं. सांबर जागच्या जागी उसळलं, माझ्या अंगावर गोटे उडवत खिंडीतून पार झालं आणि कारवी मिटली. किती वेळ उभं होतं म्हणाल तर पाच-सहा श्वास. एवढ्यात माणसाची जात कळते.

खाली डुकराभोवती लोक जमले होते. पाटलानं विचारलं, "काय रं लहू, तुझ्याकडं काय आलं?" मी म्हणालो, "एक भेकर. लांबनं गेलं." हाकाऱ्यांत दादा उभा होता, अंगभर ओरखडे, डोक्यात पाचोळा. कुणीतरी चेष्टा केली, "मानकऱ्यानं डबा बडवला म्हणूनच डुक्कर भ्यालं!" सगळे हसले. दादा माझ्याकडं बघत होता. मी दुसरीकडं बघितलं.

गावाच्या शिवेवर, दगडाजवळ, केरबाअण्णा बसला होता. पारधीला यायची त्याला बंदी, पण शिवेवर बसायला कोण अडवणार? लोक त्याच्याकडं न बघता पुढं गेले. मी मागं राहिलो होतो, मुद्दाम.

"आलं का रं?" तो उठून उभा राहिला.

"न्हाई आलं, अण्णा."

"न्हाई?"

"भेकर आलं एक."

त्यानं खिंडीकडं बघितलं. मग स्वतःशीच मान हलवत म्हणाला, "दुसऱ्या अंगानं निसटलं असंल. लई हुशार जनावर. तू तरी काय करणार?" आणि मलाच धीर दिल्यासारखा हसला.

संध्याकाळी मी गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होतो. दादा आला, गव्हाणीला टेकून उभा राहिला. दिवस बुडत होता. बराच वेळ तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"लहू, आलं हुतं?"

"न्हाई."

"खरं सांग."

"न्हाई म्हटलं की. भेकर आलं."

दादानं म्हशीवरचा हात काढला. "मी त्येला लावलं तुझ्याकडं," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही.

"वरच्या अंगाला बसलं हुतं, जांभळीखाली. बाकीचे हाकारे डाव्या हाताला गेले. मी एकटा माघारी फिरलो. त्येच्या मागं राहून, हळूहळू, दमानं खाली काढलं. वढ्यात उतारल्यालं बघितलं मी. तुझ्या म्होरं गेल्यालं बघितलं." त्याचा आवाज फाटला. "आनी मग खाली बसलो. बार वाजायची वाट बघत बसलो रं मी."

माझ्या हातातली वैरण खाली पडली. मला राग आला, खरं सांगतो, दुःख नंतर. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही.

"तुला गावाला सांगायचं हुतं, तर तू सांग की!" मी ओरडलो. "माझ्याकडनं कशापायी करवून घेतूस? त्या मुक्या जनावराकडनं कशापायी? तुला जीभ हाय की!"

दादानं माझ्याकडं बघितलं. ओरडला नाही, मारलं नाही.

"तुला बी हाय," तो म्हणाला आणि घरात गेला.

पुढं वीस वर्षं आम्ही एका छपराखाली राहिलो, एका ताटात जेवलो. त्याला मुलगा झाला, तो माझ्या खांद्यावर वाढला. दादा गेला तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पण पौष आणि शिमगा यांबद्दल आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. पाडव्यानंतर सांबर गुराख्यांना दिसलं ते दोन्ही शिंगं टाकून. केरबाअण्णा वैशाखात बायको-पोरीला घेऊन घाटाखाली निघून गेला. तिकडं तिसऱ्या वर्षी तापानं वारल्याचं ऐकलं.

पण जायच्या आधी त्याच्या घरी मी एकदा गेलो होतो. पारधीच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी, सगळ्या गावादेखत. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. दादाचं वाक्य कानात होतं. सांगायचंच, असं ठरवून निघालो होतो. आधी अण्णाला, मग दोघांनी मिळून पाटलाकडं जायचं. काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं. 'अण्णा, काल मी खोटं बोललो,' इथून सुरुवात.

मला दारात बघून तो गडबडला. आत घोंगडं अंथरलं, पुन्हा उचललं, झटकून पुन्हा अंथरलं. "आनसे," बायकोला हाक मारली, "लहू आलाय. आपल्या घरात आलाय." ती दारापाशी येऊन उभी राहिली आणि पदर तोंडाशी धरून बघत राहिली. पोरगी खांबाआडून डोकावत होती.

"अण्णा," मी म्हणालो.

"बस, बस आधी. बोलू मग."

"न्हाई, मला काय सांगायचंय."

"मला ठाव हाय काय सांगायचंय ते." त्यानं माझा हात धरला. "मनाला लावून घेतलंयस तू. आलं न्हाई त्यात तुझा काय दोष? रातभर मी हिला हेच सांगत हुतो. लहूच्या म्होरं आलं असतं, तर त्येनं सोडलं नसतं. त्यो एकटा हाय या गावात. त्येनं शबूद दिला हुता."

आनसावहिनी आत गेली. चूल फुंकल्याचा आवाज आला. गुळाचा चहा उकळल्याचा वास आला. तिनं पितळीत चहा आणला आणि माझ्या पुढं ठेवून बाजूला झाली. नवरा-बायको दोघंही माझ्या हाताकडं बघत होती. तीन महिन्यांत त्या घरातलं पाणीसुद्धा कुणी तोंडाला लावलं नव्हतं.

बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि पितळी तोंडाला लावली. चहा प्यालो. सगळा प्यालो.

केरबाअण्णाचे डोळे भरून आले. तो बायकोकडं वळला. "बघितलंस? म्हटलं न्हवतं तुला? एक तरी माणूस हाय."

आनसावहिनीनं पदरानं डोळे पुसले आणि भांडं पुढं करून विचारलं, "आनी घालू का, भावजी?"

मी पितळी पुढं केली.